बासरी येते, मग शाकुहाचीला गुरू कशाला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कंपनीच्या कामासाठी ३ वर्षांकरता योकोहामाला आला आहात. त्याआधी पुण्यात ५ वर्षं बासरी शिकलात. इथे आल्यावर लिलावाच्या साइटवरून ९,००० येनला एक जुनी शाकुहाची, म्हणजे उभी धरून फुंकायची जपानी बांबूची नळी, घेतली. दीड महिना झाला, कधी सूर लागतो, कधी नुसती हवा जाते, आणि सगळ्यात खालचा स्वर ‘रो’ तर लागतच नाही. व्हिडिओ बघून जमेल की शिक्षक लावावा? लावायचा तर किन्को या वादनपंथाचा की तोझानचा? आणि मोडक्यातोडक्या जपानीवर कोणी शिकवेल का?

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी साताऱ्याची. पुण्यात जपानी शिकले, दुभाषी म्हणून तोक्योला आले आणि शाकुहाचीत अडकले, त्याला आता २३ वर्षं झाली. गेली ९ वर्षं नवशिक्यांना शिकवते. बासरीवरून शाकुहाचीकडे आलेले चार जण माझ्या हाताखालून गेले. दोघं टिकले, दोघांनी सोडलं. सोडलेले दोघं बासरी जास्त चांगली वाजवायचे.

तुम्हाला शिक्षक हवाय तो सूर फुटावा म्हणून, असं प्रश्नावरून वाटतं. सूर फुटायला शिक्षक लागतोच असं नाही. तो बहुतेकांना दोन आठवडे ते तीन महिन्यांत आपसूक सापडतो. गुरू लागतो तो पुढच्या गोष्टीसाठी, तिथे येतेच. पण त्याआधी तुमच्या हातातली शाकुहाची धड आहे का ते बघा, कारण दोष वाद्याचा असेल तर जगातला कोणताही गुरू रो लावून देऊ शकणार नाही.

९,००० येनच्या जुन्या शाकुहाचीत बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट असते. एक म्हणजे चीर. दिव्याखाली धरून बोटाच्या टोकाने लांबीच्या दिशेने चाचपा, कारण केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही पण नखाला अडते. मग पुढची चार आणि मागचं एक अशी पाचही भोकं दाबा, खालचं तोंड मांडीवर घट्ट टेकवा, वरच्या तोंडाला ओठ लावून हवा आत ओढा. ओठ चिकटून बसले तर नळी घट्ट आहे. हवा येत राहिली तर कुठेतरी गळती आहे. मधल्या सांध्यावरही संशय ठेवा. चीर सापडली तर तूर्त स्वयंपाकघरातली ती पारदर्शक फिल्म, जिला इथे ‘राप्पु’ म्हणतात, चिरेवर दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा. दिसायला गबाळं दिसेल, पण रो लागतो. मग सवडीने कारागिराकडून बांधून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे उतागुची, वरची फुंकायची धार. तिथे शिंगाचा छोटा तुकडा बसवलेला असतो. त्याची कड उडालेली असेल तर सूर नेहमीच फुसका निघेल.

दोन्ही ठीक असेल तर प्रश्न फुंकेचा. इथे तुमची बासरी तुम्हाला फसवते आहे. बासरीचं एक टोक बुचाने बंद असतं आणि फुंकीचं भोक लहान, गोल, नेमकं. शाकुहाची दोन्हीकडून उघडी असते. वरचं तोंड तुमची हनुवटी अर्धवट झाकते. म्हणजे बूच तुम्हीच. हनुवटी आणि खालच्या ओठामधला खळगा मागच्या कडेवर टेकवा, हवेसाठी ओठांत फट ठेवा तांदळाच्या दाण्याएवढी, आणि फुंक धारेवर जाऊ द्या. आधी सगळी भोकं उघडी ठेवून फुंका. सूर स्थिर झाला की वरून एकेक भोक बंद करत खाली या. थेट रोवर झडप घालू नका, तो सगळ्यात शेवटी येतो. जोर लावू नका. नवशिके इतके फुंकतात की पाचव्या मिनिटाला चक्कर येते. दिवसातून तीनदा १०-१० मिनिटं, समोर आरसा ठेवून, एवढं एका तासाच्या झटापटीपेक्षा कितीतरी बरं.

बोटांचीही गंमत आहे. बासरीला सहा भोकं, दोन्ही हातांची तर्जनी, मधलं आणि अनामिका कामाला. शाकुहाचीवर मधल्या बोटांना काम नाही. ती फक्त नळी धरतात. भोकं तर्जनी आणि अनामिकेची, मागचं वरच्या हाताच्या अंगठ्याचं. बासरीवाल्याचं मधलं बोट पहिले दोन महिने रिकामपण सहन करू शकत नाही, सारखं उठतं. माझ्या एका विद्यार्थ्याने शेवटी मधल्या बोटांना रबर बँड लावून नळीला बांधून टाकलं होतं. मी हसले, पण उपाय चालला.

आणि जीभ. बासरीवर जलद झाला वाजवताना तुम्ही जिभेने तुकतुक करत असाल, ती सवय इथे दाराबाहेर ठेवायची. परंपरागत शाकुहाचीत जीभ मारत नाहीत. एकच स्वर दोनदा घ्यायचा तर एखाद्या भोकावर बोटाचा हलका टिचका देऊन तो तोडतात.

आता खरी गोष्ट. नेहमीच्या १.८ शाकु (सुमारे ५४.५ सेंटिमीटर) लांबीच्या शाकुहाचीचे सरळ बोटांचे स्वर पाच: रो, त्सु, रे, ची, री. रोला षड्ज धरलंत तर बाकीचे होतात कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. थोडक्यात, नुसती भोकं उघडत गेलात की धानी राग वाजतो. (इथला ‘रे’ म्हणजे आपला मध्यम. माझे पहिले सहा महिने याच गोंधळात गेले. तोझानमध्ये शेवटच्या ‘री’ला ‘हा’ म्हणतात, म्हणजे गोंधळ आणखी वेगळा.) बासरीवाल्याला वाटतं, चला, सोपं आहे. पण जपानी संगीताचा मोठा भाग ज्या स्वरांवर उभा आहे ते सा, कोमल रे, म, प, कोमल ध असे आहेत. आपल्या गुणक्री रागाचेच. कोमल रे आणि कोमल ध यांना शाकुहाचीवर भोकच नाही. ते काढायचे मान खाली घालून. हनुवटी आत ओढली की ओठ धारेजवळ येतो, तोंड जास्त झाकलं जातं, सूर उतरतो. याला म्हणतात मेरी. उलट हनुवटी वर केली की सूर चढतो, ती कारी. बासरी ओठावर आत-बाहेर फिरवून सूर थोडा हलवता येतो हे तुम्हाला माहीतच आहे. इथे तो थोडा नाही, अख्खा स्वर उतरवायचा असतो. त्सु म्हणजे कोमल गंधार. त्याची मेरी केली, सोबत खालचं भोक थोडं झाकलं, की कोमल ऋषभ.

यासाठी मला गुरू लागला. कसा, ते सांगते.

सेन्सेईंकडे, म्हणजे माझ्या गुरूंकडे, दुसरं वर्ष चालू होतं. सहा ताताम्यांची (जपानी चटयांची) खोली, मध्ये बैठं मेज, त्यावर एकच वही, माझ्याकडे तोंड केलेली. त्यांना ती उलटी दिसायची, पण त्यांना ती बघावीच लागत नसे. त्सु-मेरी आली की ते पेन्सिलने मेजावर एकदा टकटक करायचे आणि म्हणायचे, “ताकाइ.” म्हणजे चढा आहे. मी उतरवायचे. पुन्हा टकटक, पुन्हा ताकाइ. असं चार आठवडे. पाचव्या आठवड्याला मी चिडून ट्यूनर घेऊन गेले. वाजवलं. सुई अगदी मधोमध, हिरवा दिवा. मी काही बोलले नाही, फक्त ट्यूनर त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा वर करून तो बघितला, मला परत दिला, आणि स्वतःची शाकुहाची उचलून तोच स्वर वाजवला. सुई पार डावीकडे गेली. “हा ट्यूनर पियानोसाठी आहे,” एवढंच म्हणाले.

घरी येताना लोकलमध्ये डोक्यात प्रकाश पडला. साताऱ्याला लहानपणी गाणं शिकताना बाई भैरवाच्या रिषभाला हेच तर सांगायच्या: अजून खाली, अजून खाली, अतिकोमल. तोच स्वर. पेटीवर नाही तो. पुढच्या आठवड्यात मी तो गळ्यातून आठवून वाजवला, आणि पेन्सिल हलली नाही.

व्हिडिओ तुम्हाला बोटं दाखवेल, ओठ दाखवेल, फुंकही दाखवेल. पेन्सिलची टकटक करणार नाही. चुकीच्या उंचीवरची मेरी कानाला आठवड्याभरात बरोबर वाटायला लागते, आणि मग ती काढून टाकायला वर्ष लागतं. दुसरं असं की मेरीचा सूर फक्त खालचा नसतो, तो मंद, झाकोळलेला, थोडा हवेचा असतो. बासरीवाले तो जोर लावून बाकीच्यांइतका भरदार करतात, कारण आपल्याकडे सगळे स्वर सारख्या तेजाचे असणं हा रियाजाचा पुरावा. इथे तसं केलंत तर सूर बरोबर आणि संगीत चूक. सोडून गेलेले ते दोघं इथेच अडकले. त्यांच्या फुंकीत काही खोट नव्हती, पण खराब वाटणारा सूर मुद्दाम वाजवायला त्यांचं मन धजेना.

जपान्यांची म्हण आहे, ‘कुबिफुरी सान्नेन’. मान हलवायला तीन वर्षं. तुमचा मुक्काम बरोबर ३ वर्षांचा आहे, हे बघून मला गंमत वाटली. (म्हणीचा पुढचा भाग आहे ‘कोरो हाचिनेन’, कोरोकोरो नावाच्या कंपाला आठ वर्षं. तो तूर्त विसरा.)

पंथाचं म्हणाल तर हा प्रश्न तुम्हाला काय वाजवायचंय यावर आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. शाकुहाची एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) फुके या झेन पंथाच्या कोमुसो भिक्षूंच्या हातात होती, विणलेली टोपली डोक्यावरून तोंड झाकेपर्यंत घालून फिरायचे ते. त्यांच्या एकल, मुक्त लयीच्या रचना म्हणजे होन्क्योकु. कुरोसावा किन्को (१७१०–१७७१) यांनी अशा ३६ रचना गोळा करून बसवल्या, त्यांचा पंथ तो किन्को. १८७१ मध्ये मेइजी सरकारने फुके पंथच बंद केला. मग शाकुहाची भिक्षूंच्या हातातून घराघरांत आणि मैफलीत आली, कोतो, शामिसेन या तारवाद्यांबरोबर जास्त वाजू लागली. त्याच वळणावर १८९६ मध्ये नाकाओ तोझान यांनी ओसाकात तोझान पंथ सुरू केला. त्यांचं लेखन जास्त नेटकं, मात्रांचे भाग पाडलेले. समूहवादन आणि नव्या रचनांकडे ओढा. त्या पंथाचे होन्क्योकु वेगळे, मुख्यतः नाकाओंनी स्वतः रचलेले. तिसरा क्योतोचा म्योआन, जिथे वादन हीच ध्यानाची बैठक मानतात, मैफल हा विषयच नाही.

मियागी मिचिओंनी १९२९ मध्ये कोतो आणि शाकुहाचीसाठी बांधलेली ‘हारु नो उमि’, जी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथल्या प्रत्येक दुकानात वाजते, ती ऐकून भुलला असाल तर तोझान किंवा किन्को दोन्ही चालेल. तोझानच्या लेखनाशी जुळवून घेणं सोपं जाईल. त्या एकट्या, थबकत जाणाऱ्या, अर्धी हवा अर्धा सूर अशा वादनाने ओढले गेला असाल तर किन्को, किंवा होन्क्योकु शिकवणारा कोणीही. मी स्वतः किन्कोची, त्यामुळे माझा कल समजून घेऊन वाचा. तुमची शाकुहाची कोणत्या घराण्याची ते धारेवरच्या शिंगावरून कळेल: तुकडा कोनदार असेल तर किन्को, चंद्रकोरीसारखा असेल तर तोझान. पण नवशिक्याला याने फरक पडत नाही, कोणत्याही नळीवर कोणतंही वाजवता येतं.

शिक्षकाची निवड मात्र पंथाच्या आधी ठेवा. योकोहामा-तोक्यो भागात पर्याय भरपूर आहेत, म्हणून एकाच पहिल्या भेटीवर शिक्कामोर्तब करू नका. बहुतेक जण ‘ताइकेन’ म्हणजे चाखून बघायचा एक तास देतात. त्या तासात दोनच गोष्टी बघा. ते तुमच्याबरोबर वाजवतात का? एकत्र वाजवणं हाच इथल्या शिकवणीचा गाभा आहे. नुसतं ऐकून शेरे मारणारा शिक्षक मी टाळीन. आणि ‘मी बासरी वाजवते/वाजवतो’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघा. ‘वा, मग सोपं जाईल’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘हं, मग वेळ लागेल’ म्हणणारा जास्त जाणकार.

पैशांचं आधीच स्पष्ट विचारा, इथे संकोच करून नंतर पस्तावणारे आपले लोक मी खूप बघितले. महिन्याची फी म्हणजे गेश्शा, पाकिटात घालून, शक्यतो कोऱ्या नोटा, दोन्ही हातांनी. ती शिक्षकागणिक, महिन्यात किती तास यावर बदलते, आकडा सांगण्यात अर्थ नाही. फीबाहेरचा खर्च विचारा: वर्षाच्या मैफलीत भाग घ्यायचा तर सभागृहाचा वाटा, पंथाची पातळी-प्रमाणपत्रं घ्यायची तर त्यांचं शुल्क. ३ वर्षांसाठी प्रमाणपत्रांच्या वाटेला जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, आणि ‘मला परवाना नको, फक्त शिकायचं आहे’ हे पहिल्या महिन्यातच नम्रपणे सांगितलेलं बरं. परवडत नसेल तर कल्चर सेंटरचे सामूहिक वर्ग स्वस्त पडतात. पहिल्या सहा महिन्यांना ते पुरेसे आहेत. मेरीला मात्र एकट्याचा तास लागेल.

भाषेची चिंता सोडा. वह्या काताकाना या जपानी लिपीत असतात, वरून खाली, उजवीकडून डावीकडे. रो, त्सु, रे, ची एवढी अक्षरं एका संध्याकाळी येतात. तासात बोलणं जेमतेम होतं. माझ्या पहिल्या वर्षात सेन्सेईंनी उच्चारलेले वेगळे शब्द वीसच्या वर नसतील, त्यातला एक ताकाइ. गुडघे मोडून बसण्याचा त्रास होत असेल तर तोही बोलून दाखवा, खुर्ची देतात.

ऑनलाइन शिकणार असाल, किंवा परत गेल्यावर पुण्यातून चालू ठेवणार असाल, तर एक तांत्रिक अडचण सांगते. झूम शाकुहाचीच्या हवेला कचरा समजून गाळून टाकतं. मुराइकी म्हणजे वादळासारखी फुंक, ती समोरच्याला ऐकूच जात नाही, मध्येच शांतता होते. सेटिंगमध्ये मूळ आवाज जाऊ देण्याची सोय असते, ती दोघांनीही चालू करायची. तरी दोघांनी एकदम वाजवणं जमत नाही, आवाज उशिरा पोचतो. म्हणून निदान पहिलं वर्ष समोरासमोर घ्या.

रियाज कुठे करायचा हेही विचारणार असाल. इथल्या भिंती पातळ. मी दुपारी काराओकेची खोली घ्यायचे, एकट्याला तासाभरासाठी स्वस्तात मिळते. सुट्टीच्या दिवशी तामा नदीचा काठ. तिथे एकच लक्षात ठेवा, वाऱ्याकडे पाठ. समोरून वारा असला की तेवीस वर्षांचा रियाजही हवेत. रोज सकाळी सुरुवात फक्त रोने, दहा मिनिटं, दुसरं काही नाही. आपण खर्ज भरतो तेच.

थंडीची काळजी घ्या. माझी पहिली चांगली शाकुहाची दुसऱ्या हिवाळ्यात गेली. रात्री वाजवून हीटरच्या खोलीत मेजावर तशीच ठेवली, आणि झोपेत ‘टक्’ असा आवाज ऐकला. सकाळी उठून बघते तर पाठीवर वरपासून तिसऱ्या पेऱ्यापर्यंत चीर. वाजवल्यावर आतून कापड ओढून कोरडी करा आणि प्लास्टिकच्या पिशवीत तोंड गुंडाळून ठेवा, म्हणजे बांबू एकदम सुकत नाही. पुण्याला नेलीत तर पावसाळ्यात पिशवीतून काढून ठेवा, बुरशी येते. एप्रिल-मेमध्ये पुन्हा पिशवीत.

प्लास्टिकची शाकुहाची घ्यावी का, असं पुढचं विचाराल. चीर सापडली आणि बांधून घेण्याचा खर्च जास्त निघाला तर खुशाल घ्या. राळेच्या साच्यातली नळी तडकत नाही आणि सुरात पक्की असते. मी शिकाऊंना वर्षभर तीच देते.

आज घरी गेलात की चिरेच्याही आधी टेप घेऊन नळीची लांबी मोजा. शाकुहाची म्हणजे १ शाकु ८ सुन, ५४.५ सेंटिमीटर. पण जुन्या बाजारात २ शाकु, २.४ शाकु अशा लांब नळ्याही त्याच नावाने विकतात, आणि त्यांवर रो लावणं नवशिक्याला फार जड जातं. तुमची साठाच्या वर भरली तर दीड महिन्याचं कोडं तिथेच सुटलं. आकडा कळवा, मग पुढचं बोलू.